हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग : पुरावा आणि निर्णय

रुग्ण अत्यवस्थ असताना डॉक्टरला काही क्षणांत निर्णय घ्यावा लागतो. तो वैयक्तिक अनुभवावर घ्यावा की पद्धतशीर पुराव्यावर, हा प्रश्न आज आधुनिक मानला जातो. वस्तुतः एकोणिसाव्या शतकात निजामाच्या हैदराबादेत या प्रश्नावर मोठे संशोधन झाले होते.

१८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्मची भूल प्रचारात आणली. जानेवारी १८४८ मध्ये पायाच्या बोटाचे नख काढताना हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची इंग्रज मुलगी भुलेत दगावली. अशा वेळी आधी काय थांबते, श्वास की हृदय? एडिंबरोचे शल्यविशारद श्वासावर लक्ष ठेवण्यास सांगत. लंडनचे जॉन स्नो यांनी मात्र अशा मृत्यूंच्या नोंदी एकेक करून तपासल्या आणि हृदयाकडे बोट दाखवले. त्यांचा ग्रंथ १८५८ मध्ये प्रसिद्ध झाला.

हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या परंपरेतले. भूल देताना नाडी पाहण्याची गरज नाही, श्वास पाहिला की पुरे, असे त्यांचे ठाम मत होते. त्यासाठी १८८८ मध्ये पहिला आयोग नेमला गेला. त्याच्या निष्कर्षांवर ‘लॅन्सेट’ने शंका घेतली. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊन त्या नियतकालिकालाच आपला तज्ज्ञ पाठविण्यास सांगितले. १८८९ मध्ये लॉडर ब्रन्टन हैदराबादेत आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि दुसऱ्या आयोगानेही लॉरींचेच मत उचलून धरले.

तरीही मूळ प्रश्न सुटला नाही. मात्रा वाढवत नेली की श्वास आधी थांबतो, हे प्रयोगांत दिसले ते खरेच होते. परंतु अनेक रुग्ण भुलेच्या आरंभीच, थोड्याशा वाफेने अचानक दगावत. त्या अवस्थेचे उत्तर या प्रयोगांत नव्हते. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिले की, हलक्या भुलेत हृदयाचे ठोके बिघडून ते केवळ थरथरत राहते व रक्ताभिसरण थांबते. अॅड्रेनालिनमुळे हा धोका वाढतो. भयभीत रुग्णाच्या शरीरात हेच द्रव्य स्रवते. म्हणजे स्नो यांची शंका निराधार नव्हती.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. प्रयोगांची संख्या मोठी असली तरी ज्या परिस्थितीत रुग्ण दगावतो तीच तपासली नाही, तर पुरावा अपुरा राहतो. दुसरे असे की, उत्तर आधीच ठरवून केलेल्या शोधात डोळ्यांसमोरची नोंदही निसटते. आज भूल देताना श्वास आणि नाडी दोहोंवर लक्ष ठेवतात.

दख्खनमधील एका दरबाराने विज्ञानासाठी खजिना उघडला, हे अभिमानाने शिकवावे. त्या आयोगाची चूकही तितक्याच प्रामाणिकपणे शिकवावी. विद्यार्थ्याला निष्कर्ष पाठ करवण्यापेक्षा ‘हे कोणावर आणि कोणत्या स्थितीत तपासले?’ असे विचारायला शिकवणे, हेच अध्यापकाचे खरे काम आहे.