संशयी, एकलकोंडा की आजारी? आंग्र्यांच्या कुलाब्यापासून आजपर्यंत

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, आंग्रे भाऊ एकमेकांवर इतका संशय का घेत होते? आजच्या भाषेत ते 'पॅरानॉइड' होते का?

आधी घटना बघू. 1729 मध्ये कान्होजी गेले, 1733 मध्ये थोरले सेखोजी. मग संभाजी आणि मानाजी यांच्यात जुंपली. मानाजींनी पोर्तुगीजांच्या मदतीने कुलाबा किल्ला घेतला आणि भाऊ येसाजींचे डोळे काढले, अशी नोंद आहे. शेवटी 1735 मध्ये बाजीराव पेशव्यांनी वाटणी केली: कुलाबा मानाजींकडे, विजयदुर्ग संभाजींकडे. आता सांगा, अशा घरात रात्री दरवाजा दोनदा तपासणारा माणूस आजारी म्हणायचा का? नाही. तिथे संशय हा शहाणपणाच होता.

मग आजार कधी म्हणायचा? कारण नसताना, वर्षानुवर्षं, घरी-दारी सगळीकडे तोच संशय राहिला आणि त्यापायी नाती, नोकरी मोडायला लागली, तर. 1980 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-3 या पुस्तकात असे तीन स्वभावविकार एका गटात आले. पॅरानॉइड म्हणजे सतत संशय. स्किझॉइड म्हणजे माणसांची ओढच नाही. आणि स्किझोटिपल म्हणजे विचार-वागणं विचित्र, जवळीक नकोशी. हा स्किझोफ्रेनिया नव्हे, त्यात भास आणि भ्रम ठळक असतात.

यात एक मुद्दा आपल्या किनाऱ्यासाठी फार महत्त्वाचा आहे. गावात सगळेच करणी मानत असतील, तर ती मानणारा एकटा माणूस 'विकारी' ठरत नाही. माणूस ज्या समाजात वाढला, तिथल्या समजुती वजा करूनच निदान करायचं असतं.

आपल्याकडे मात्र फार काळ दोनच कप्पे होते: शहाणा किंवा वेडा. 1858 चा कायदा वेड्यांच्या इस्पितळांसाठी झाला. रत्नागिरीचं इस्पितळ 1886 चं, ठाण्याचं 1901 चं. मधल्या माणसासाठी, म्हणजे कोणाशी न बोलणाऱ्या, लग्नकार्याला न येणाऱ्या काकासाठी, कप्पाच नव्हता. त्याला 'तऱ्हेवाईक' म्हणायचं, नाहीतर भगताकडे न्यायचं. 2017 च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा हा हक्क केला खरा, पण हा माणूस स्वतःहून डॉक्टरकडे क्वचितच जातो. संशय असेल तर डॉक्टरवरही असतो ना!

म्हणून घरच्यांचं वागणं मोठं. वाद घालून संशय जात नाही. पाठीमागे कुजबुजू नका, दिलेला शब्द पाळा, अंतर हवं असेल तर राहू द्या. त्रास वाढला तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर बोला, घरचे लोकही फोन करू शकतात.

आणि मेलेल्या सरदारांना निदान चिकटवू नका. कागदांवरून त्यांचं राजकारण कळतं, मन नाही. जिवंत काकाला मात्र विचारता येतं.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या!