नाणेघाटांतील राजकुल

राजाचा चेहरा आधीं पुसला जातो कीं नांव? आर्मेनियाच्या अर्ताशेस वंशांतील तिग्रान दुसरा (इ. स. पू. ९५–५५) ह्याचा उंच मुकुट ल्यालेला चेहरा त्याच्या रौप्य नाण्यांवर आजहि दिसतो. आपल्या आद्य सातवाहनांचें दैव नेमकें उलट.

न्हावरें ज्या पुणें जिल्ह्यांत आहे, त्याच्याच वायव्य सीमेवर, जुन्नरपलीकडे नाणेघाट आहे. तेथील लेण्याच्या मागल्या भिंतीवर ह्या कुलांतील आठ मूर्ति होत्या. आज पावलांच्या खुणांपलीकडे त्यांचें कांहीं उरलें नाहीं. पण वरचीं ब्राह्मी अक्षरें सांगतात : हा सिमुक सातवाहन, ही देवी नायनिका, म्हणजे नागनिका, व हा राजा सातकर्णि. बाजूच्या भिंतींवर अश्वमेधादि यज्ञांची, त्यांत दिलेल्या गाईंची, हत्तीघोड्यांची व कार्षापणांची आंकड्यांनिशीं नोंद आहे. पतीमागें व्रतस्थ राहिलेल्या नागनिकेनेंच ती कोरविली, असें बहुतेक विद्वान् मानतात.

घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यानें आपलें कुल ओळखावें, हा तिचा हेतु असावा. तो मूर्तींनीं नव्हे, अक्षरांनीं तडीस नेला. स्मारकें उभारण्यास उत्सुक असलेल्या आपण शिल्पकाराइतकीच लेखकाचीहि कदर करावी, हें त्या राणीपासून शिकण्याजोगें आहे.