हौशी रॅलीसाठी जुनी मोटार : निवडीचे निकष, तपासणी आणि कायदा

मोटार रॅलीत प्रथमच उतरणाऱ्या चालकासाठी नव्यापेक्षा स्वस्तातील वापरलेली गाडी सोयीची ठरते. खडकाळ, धुळीच्या मार्गावर गाडीला इजा होणे अटळ असते आणि शिकण्याच्या काळात ती अधिक होते. मात्र कमी किमतीच्या मोहात दुर्बल सांगाड्याची किंवा कागदपत्रे अपुरी असलेली गाडी घेतल्यास पैशांबरोबर चालक व सहचालकाचा जीवही धोक्यात येतो.

स्पर्धेचा प्रकार आधी ठरवावा

भारतात १९८० मध्ये सुरू झालेल्या हिमालयन रॅलीने आणि १९९९ पासूनच्या ‘रेड दि हिमालय’ने या खेळाला ओळख दिली. कोइंबतूर, चिकमगळूर तसेच महाराष्ट्रातील नाशिक येथे राष्ट्रीय अजिंक्यपद मालिकेतील रॅली झाल्या आहेत. या खेळाचे नियमन १९७१ मध्ये स्थापन झालेले फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया हे महासंघ करते. स्पर्धेसाठी लागणारा परवानाही याच संस्थेकडून मिळतो.

हौशी चालकापुढे मुख्यतः दोन पर्याय असतात. ‘टाइम-स्पीड-डिस्टन्स’ अर्थात टीएसडी रॅलीत ठरवून दिलेला सरासरी वेग राखून तपासणी नाक्यांवर अचूक वेळी पोहोचायचे असते. उशीर झाला तर दंडाचे गुण मिळतात, तसेच लवकर पोहोचल्यासही मिळतात. सर्वसाधारण, सुस्थितीतील कोणतीही मोटार येथे पुरते. मार्गदर्शन करणाऱ्या सहचालकाचे कौशल्य इंजिनाच्या शक्तीइतकेच मोलाचे असते. दुसरा प्रकार स्पेशल स्टेज रॅलीचा. त्यात वाहतुकीसाठी बंद केलेल्या टप्प्यांवर घड्याळाशी शर्यत असते. दोन टप्प्यांमधील अंतर मात्र सार्वजनिक रस्त्याने, वाहतुकीचे नियम पाळून कापावे लागते. त्यामुळे स्पर्धेची गाडीही नोंदणीकृत व रस्त्यावर चालण्यास वैध असावी लागते.

कोणती गाडी?

निवडीचा पहिला निकष सुट्या भागांची उपलब्धता हा आहे. तालुक्याच्या गावी सुटा भाग आणि तो बसवणारा मेकॅनिक मिळत असेल, तर अर्धी लढाई जिंकल्यासारखे असते.

१९८५ मध्ये बाजारात आलेली मारुती जिप्सी ही भारतीय रॅलीची जुनी सोबती आहे. स्वतंत्र चासी, पाट्यांची निलंबन व्यवस्था आणि चारही चाकांना शक्ती देण्याची सोय यांमुळे ती डोंगराळ व वाळवंटी मार्गांवर टिकते. सुरुवातीच्या जिप्सीत ९७० सीसीचे इंजिन होते, पुढे १.३ लिटरचे आले. लांब पल्ल्याच्या खडतर मार्गासाठी नंतरची आवृत्ती अधिक योग्य ठरते. हौशींची मागणी टिकून असल्याने चांगल्या जिप्सीची किंमत मात्र वयाच्या मानाने जास्त असते.

टीएसडी रॅलीसाठी मारुती ८००, स्विफ्ट यांसारख्या हलक्या गाड्या पुरेशा ठरतात. एस्टीम, जुनी बलेनो, १.५ लिटर व्हीटेक इंजिनाची पहिल्या पिढीची होंडा सिटी आणि मित्सुबिशी सेडिया यांनी देशांतर्गत स्पर्धांचा एक काळ गाजवला. फोक्सवॅगन पोलोही त्या रांगेत आली. उत्पादन बंद झालेल्या मॉडेलांचे भाग दुर्मीळ होत जातात, हे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे.

तपासणी कशी करावी?

इंजिन दुरुस्त करता येते, पण वाकलेला सांगाडा पूर्ववत करणे कठीण व खर्चिक असते. म्हणून तपासणीची सुरुवात गाडी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर घेऊन खालून करावी. तळाचा पत्रा, दरवाजाखालील पट्ट्या आणि पुढील शॉक अॅब्सॉर्बर बसतात तो भाग गंजलेला, तडकलेला किंवा नव्याने वेल्डिंग केलेला नाही ना, हे पाहावे. जिप्सीत चासीच्या कडा, पाट्यांचे आधार आणि स्टिअरिंगमधील थरथर यांकडे विशेष लक्ष द्यावे. चारचाकी शक्तीचा दांडा सर्व स्थितींत टाकून पाहावा.

इंजिन थंड असताना सुरू करून घ्यावे. निळसर धूर ऑइल जळत असल्याची, तर सतत येणारा पांढरा दाट धूर कूलंट इंजिनात शिरत असल्याची खूण असते. ऑइलच्या झाकणाखाली दुधट थर दिसल्यास गाडी टाळणे इष्ट. प्रत्येक सिलिंडरच्या कॉम्प्रेशनची मोजणी गॅरेजमध्ये थोड्या खर्चात होते.

पुरात बुडालेल्या गाड्याही बाजारात येतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर दिसणारा गाळ, आसनाखालील गंज आणि गालिच्याचा कुबट वास यांवरून त्या ओळखता येतात.

कागदपत्रे आणि विमा

नोंदणी पुस्तिकेतील चासी व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीशी पडताळावेत. कर्जाचा बोजा उतरला असल्याचा दाखला आणि परराज्यातील गाडी असल्यास ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणास येते. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांबाबत न्यायालयीन आदेश लागू असून त्यांत वेळोवेळी बदल झाले आहेत. तेथील खरेदीदाराने सद्यस्थिती परिवहन कार्यालयात तपासावी.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या व नोंदणीत नमूद तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या तरतुदीवर शिक्कामोर्तब केले. दुसऱ्या क्षमतेचे इंजिन बसवलेली ‘तयार रॅली कार’ म्हणूनच जपून घ्यावी. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीविना शर्यत लावल्यास कलम १८९ अन्वये तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात.

बहुतेकांच्या लक्षात न येणारी बाब विम्याची आहे. खासगी मोटारीच्या प्रमाणित पॉलिसीतून संघटित शर्यती, वेगचाचणी आणि विश्वासार्हता चाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. स्पर्धेतील हानीची भरपाई या पॉलिसीतून मिळेल, असे गृहीत धरू नये. आयोजकांचे विमासंरक्षण कोणाला व किती आहे, हे प्रवेशापूर्वी लेखी विचारावे. मालकी बदलल्यावर १४ दिवसांत विमा नव्या मालकाच्या नावे करण्यासाठी अर्ज करणेही आवश्यक असते.

सुरक्षेसाठी राखीव रक्कम

ठरलेला सर्व पैसा गाडीवर खर्च करणे ही नवोदितांची नेहमीची चूक आहे. स्पेशल स्टेज रॅलीसाठी रोल केज, अनेकबिंदू सीटबेल्ट, मान्यताप्राप्त हेल्मेट, मानेला आधार देणारे उपकरण, अग्निरोधक पोशाख, अग्निशामक आणि विद्युतप्रवाह तोडणारा मुख्य स्विच लागतो. यांतील हेल्मेट आणि पोशाख वापरलेले घेणे टाळावे. एकदा आघात झालेल्या हेल्मेटची इजा बाहेरून दिसत नाही. इंजिनाखालची संरक्षक पत्रा-तळी, चांगले टायर, नवे ब्रेक पॅड आणि नवे ब्रेक ऑइल यांचा खर्चही आधीच धरावा.

त्यामुळे पहिले वर्ष साध्या गाडीने टीएसडी रॅलींत घालवणे हा कमी जोखमीचा मार्ग आहे. वेळेचे गणित, मार्गपुस्तिकेचे वाचन आणि गाडीची देखभाल त्यातून अंगवळणी पडते. पुढे स्पेशल स्टेजकडे वळायचे असल्यास गाडी घेण्यापूर्वीच महासंघाची त्या वर्षाची नियमावली पाहून ती कोणत्या गटात बसते, याची खात्री करून घ्यावी.