बिनदेहाची पेटी : प्लगीनची कुळकथा

दिवाळी उलटून भाऊबीज पार पडली आणि धानाचे भारे खळ्यावर येऊन पडू लागले, म्हणजे गोंदिया जिल्ह्यात मंडईचे, गावोगावच्या जत्रांचे, दिवस लागतात. आज या गावी तर उद्या त्या गावी, दिवसा गोवाऱ्यांची ढाल नाचते, दुकाने लागतात, सोयरेधायरे जमतात, आणि रात्री, थंडी अंगाला झोंबू लागली की, गावकऱ्यांची दंडार, हे आमचे लोकनाट्य, उभी राहते. अशाच एका रात्री, अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील एका गावी, मांडवाच्या डाव्या अंगास मी बसलो होतो. माझ्याशेजारी धानाच्या पोत्यावर एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा लॅपटॉप घेऊन बसला होता. मिक्सरमधून निघालेली एक वायर त्या लॅपटॉपात शिरत होती, आणि तेथून ती दंडार, मोबाइलच्या इंटरनेटवरून, कामधंद्यासाठी नागपूर, रायपूर, हैदराबाद येथे गेलेल्या गावच्याच माणसांकडे त्याच घटकेला पोहोचत होती.

सोंगाड्याने पहिली आरोळी ठोकली, ढोलकी कडाडली, आणि पडद्याच्या कोपऱ्यात संदेश उमटला : ‘आवाज फाटून रायला.’ मुलाने एक छोटी चौकट उघडली, तीतील एक दांडी बोटभर खाली ओढली, दुसरी किंचित सरकवली, आणि दोन-तीन पळांनी दुसरा संदेश आला : ‘आता बराबर.’ हे काय केलेस, असे मी विचारले, तेव्हा पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, “काकाजी, ते प्लगीन होय. आवाजाच्या वाटेवर टाकलं का फाटत नाही.”

आवाजाच्या वाटेवर टाकलेली वस्तू, ही व्याख्या मला इतकी नेमकी वाटली, की त्या वस्तूचे कूळ शोधल्यावाचून राहवेना.

प्रथम शब्दाविषयी. ‘प्लग’ म्हणजे भोकात बसणारी खुंटी. ध्वनिव्यवसायातील या खुंटीचे माहेर टेलिफोनच्या कचेरीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, समोरच्या फळीवरील शेकडो छिद्रांपैकी नेमक्या छिद्रात पितळी टोकाची दोरी खोचून, एका घरचा आवाज दुसऱ्या घरी जोडून देण्याचे काम ज्या कचेऱ्यांतून चाले, त्यांच्यासाठी पाव इंच जाडीचा तो प्लग घडवला गेला. आणि त्या रात्री मांडवातील मिक्सरमध्ये खोचलेली, जिला आपले साउंडवाले ‘जॅक’ किंवा ‘मोठी पिन’ म्हणतात, ती त्याचीच थेट वंशज होती. रेडिओ आणि ध्वनिमुद्रण यांच्या कचेऱ्यांनी टेलिफोनची ही फळी जशीच्या तशी उचलली. एखादे यंत्र आवाजाच्या वाटेवर आणावयाचे, तर त्याची दोरी फळीत खोचावी आणि नको झाले की उपटून ठेवावी, अशी ती वहिवाट होती.

आता वस्तूविषयी; आणि येथे थोडे थांबले पाहिजे, कारण या कुळाचा मूळपुरुष कोण, हे कळल्यावाचून पुढच्या पिढ्यांचा स्वभाव कळत नाही. तो मूळपुरुष रेडिओच्या प्रक्षेपण-केंद्रात जन्मला. मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात वाहक लहरीच्या उंचीत जे चढउतार होतात, त्यांत आवाज साठवलेला असतो. आवाज मर्यादेबाहेर गेला, की ती लहर तळाशी शून्याला टेकून कापली जाते, श्रोत्याच्या कानी घरघर येते, आणि शेजारच्या केंद्राच्या हद्दीतही अतिक्रमण होते. उलट, आवाज फार हळू ठेवला तर तो दूरच्या गावी खरखरीत बुडतो. या दोहोंमधून वाट काढण्यासाठी प्रारंभी एक माणूस काट्यावर डोळा ठेवून, हाताने बटण फिरवीत बसे. परंतु माणसाचा हात किंकाळीपेक्षा मंद असतो. तेव्हा १९३७ साली अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने ११०-ए या नावाचे एक यंत्र बाजारात आणले, जे आवाजाने ठरावीक पातळी गाठताच आपण होऊन त्याला दाबी आणि ती पातळी उतरताच मोकळे करी. हा लिमिटर. जकातनाक्यावरचा शिपाई जसा सर्वांना वाट देई, पण ठरल्याहून अधिक भार लादलेली गाडी मात्र अडवी, तसा तो आवाजाच्या नाक्यावर उभा राहिला. १९४८ मध्ये आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले आणि तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या गोंदियातल्याही, गावांतून संध्याकाळी रेडिओभोवती माणसे जमू लागली. तेव्हा त्यांच्या कानी पडणारा आवाज प्रक्षेपणाच्या याच नियमाने, मर्यादेच्या आत बांधला जाऊन येत होता.

या घराण्यातील एका यंत्रावर माझा विशेष जीव आहे. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कॅलिफोर्नियातील जिम लॉरेन्स या अभियंत्याने टेलिट्रॉनिक्स या आपल्या कंपनीतर्फे एलए-२ए नावाचा कॉम्प्रेसर, म्हणजे लिमिटरचाच मवाळ भाऊबंद, आणला. त्याच्या पोटात एक बंद डबी असे. तीत एका बाजूस आवाजाच्या जोराप्रमाणे उजळणारी पट्टी आणि तिच्यासमोर प्रकाश पडला की ज्याची विद्युत्-रोधशक्ती घटते असा एक तुकडा. गायकाने स्वर चढवला की आत उजेड वाढे, उजेड वाढला की समोरच्या तुकड्याचा रोध उतरे, आणि त्या प्रमाणात स्वर मृदुपणे खाली येई; स्वर थांबला तरी तो तुकडा उजेड विसरायला क्षणभर घेई, म्हणून आवाज एकदम उसळून न येता सावकाश सावरे. कोणाच्याही दृष्टीस न पडणारा तो उजेड, गाणाऱ्याच्या श्वासागणिक, एका अंधाऱ्या डबीत कमीजास्त होत असे, ही कल्पना मला फार सुंदर वाटते.

अशी यंत्रे जड आणि महाग होती. घुमारा देणारे जर्मन ईएमटी १४० हे यंत्र, जे १९५७ मध्ये निघाले, ते म्हणजे चौकटीत टांगलेला सुमारे दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा पोलादी पत्राच; त्याचे वजन २७० किलोंच्या आसपास भरे. ते बैलगाडीत घालून मंडईला नेण्याची गोष्ट कोणी स्वप्नातही आणली नसती.

देह गळून पडला तो १९९२ मध्ये. त्या वर्षी तेल अवीवच्या वेव्ह्‌ज कंपनीने क्यू-१० नावाची एक समकारी, म्हणजे आवाजातील मंद्र-तार घटक वेगवेगळे चढवणारी-उतरवणारी व्यवस्था विक्रीस आणली, जिला पत्रा नव्हता, दिवा नव्हता, वायरही नव्हती. ती केवळ गणित होती आणि संगणकातील दुसऱ्या एका प्रोग्रॅमच्या आत जाऊन बसत होती. खोचण्यासाठी छिद्र उरले नाही, तरी खोचण्याचा शब्द मात्र टिकला. १९९६ मध्ये हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी हा सांधा सिद्ध करून त्याचे नियम इतरांनाही खुले केले, तेव्हा कोणीही घरी बसून असे गणित रचावे आणि ते दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये बिनतक्रार बसावे, अशी सोय झाली. या खुलेपणाचे मोल मला क्यू-१०हूनही अधिक वाटते, कारण गोंदियाच्या मुलापर्यंत वस्तू पोहोचली ती त्या दरवाजाने.

इंटरनेटवरील प्रक्षेपणाची शाखा या कुळाला येऊन मिळाली ती मात्र एका तरुणाच्या हातून. जस्टिन फ्रँकेल या अमेरिकन मुलाने १९९७ मध्ये विनॅम्प नावाचा, गाणी वाजवणारा प्रोग्रॅम लिहिला. आवाजावर संस्कार करणारे प्लगीन जोडण्याची जागा त्याने त्यात ठेवली होती. त्यानंतर लवकरच त्याच्या नलसॉफ्ट कंपनीने शाउटकास्ट आणले, ज्यायोगे घरच्या संगणकावरून रेडिओ चालवता येऊ लागला. या शाउटकास्टचे, आवाज पाठवणारे टोक विनॅम्पच्या त्याच जागेत बसणारे एक प्लगीन होते! म्हणजे प्रक्षेपण आधी आणि प्लगीन मागाहून, असा क्रम नसून, सामान्य माणसाच्या हाती इंटरनेटचा रेडिओ आला तोच प्लगीनच्या रूपाने आला. पुढे फ्रँकेलनेच कॉकोस ही संस्था काढली आणि रीकॉम्प हा कॉम्प्रेसर, रीईक्यू ही समकारी इत्यादी प्लगीन लोकांना विनामूल्य दिली. आणि २०१२ मध्ये ह्यू बेली याने आरंभलेला ओबीएस हा, तसाच विनामूल्य, प्रक्षेपणाचा प्रोग्रॅम पुढे व्हीएसटी प्लगीनांना थारा देऊ लागला. धानाच्या पोत्यावर बसलेल्या मुलाच्या पडद्यावर होते ते हेच.

त्याने दांडी ओढली तेव्हा काय घडले, ते त्यानेच मला नंतर समजावले. कॉम्प्रेसरचा उंबरठा, म्हणजे जेथून दाबणे सुरू होते ती पातळी, उणे अठरा डेसिबलवर ठेवला आणि प्रमाण चारास एक. त्यामुळे उणे सहावर आदळणारी आरोळी, जी उंबरठ्याच्या बारा पायऱ्या वर होती, ती तीनच पायऱ्या वर राहिली, म्हणजे उणे पंधरावर आली. दबलेला एकूण आवाज मग थोडा उचलला, की पात्राचे कुजबुजणेही हैदराबादच्या खोलीतील फोनवर स्पष्ट ऐकू येते.

अडचण निराळीच उद्भवली. जनरेटरची घरघर जावी म्हणून त्याने गोंगाट-निवारणाचे एक साधन लावले होते. हे साधन, आरएनएनॉइझ, २०१७ मध्ये जाँ-मार्क वालँ या संशोधकाने सिद्ध केले. पंखे, गाड्या, कचेऱ्या यांचे आवाज, आणि त्यासाठी लोकांनी इंटरनेटवरून आपण होऊन दिलेले आसपासच्या गोंगाटाचे नमुने, यांवर शिकून ते माणसाचे बोलणे कोणते आणि इतर कोणते, याचा निवाडा दर दहा सहस्रांश सेकंदाला करते. बोलण्यासाठी ते उत्तमच आहे. परंतु दंडारीत झांज वाजली, की ती बोलणे नव्हे म्हणून ते तिला पुसू लागले. ढोलकीचा अर्धा बोल येई, अर्धा पाण्याखाली वाजल्यासारखा विरे. ‘ढोलकी बंद झाली का?’ असे हैदराबादहून कोणीसे विचारले. जे वाद्य आमच्या रात्रीचा प्राण, ते त्या साधनाच्या दप्तरी गोंगाट म्हणून नोंदले जात होते, याचे मला खरोखर वाईट वाटले. आणि आपल्या ढोलकी-झांजेचे नमुने अशा साधनांच्या शिकवणीत आपल्याच लोकांनी घातले पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलाने त्या साधनापुढील डोळ्याचे चिन्ह दाबून ते मिटवले. जनरेटरची घरघर परत आली. मग त्याने रीईक्यू उघडून, कानाला हेडफोन घट्ट दाबून धरून, खालच्या स्वरांची कड हळूहळू कापायला घेतली : शंभर हर्ट्‌झवर आणली तेव्हा घरघर गेली, पण ढोलकीची धुमही गेली, साठावर नेली तेव्हा धुम आली आणि घरघरही डोकावली, अखेर सत्तरच्या आसपास, जेथे जनरेटरची पन्नास हर्ट्‌झची गुणगुण बरीच मागे हटते आणि धुमेचे अंग शाबूत राहते, तेथे त्याचा हात थांबला. रंगमंचावर त्या वेळी गण संपून सोंग उभे राहत होते. ती मांडणी पुन्हा उपयोगी पडावी म्हणून त्याने जपून ठेवली, आणि नावाच्या चौकटीत, आधीच्या सगळ्या इंग्रजी नावांखाली, एका बोटाने टंकून लिहिले : दंडार.