छोट्या मोटारीची इंधनगाळणी : रचना, लक्षणे आणि निगा

कलबुर्गी जिल्ह्यातील अफजलपूर तालुका हा भीमेच्या खोऱ्यातील काळ्या मातीचा प्रदेश. करजगी हे याच सीमाभागातील गाव, तर दत्तभक्तांचे गाणगापूर क्षेत्रही याच तालुक्यात आहे. गोव्यातून अक्कलकोट व गाणगापूरच्या यात्रेला निघालेल्या अनेक कुटुंबांच्या मोटारी या मुलुखात फिरतात. समुद्रकाठच्या दमट हवेतून निघालेली मोटार घाट चढून चाळिशीपार तापमानाच्या, धुळीने भरलेल्या पठारावर येते. अशा प्रवासात ज्या लहानशा भागाची परीक्षा होते, तो म्हणजे इंधनगाळणी, अर्थात गॅरेजच्या बोलीतील फ्युएल फिल्टर. काही शे रुपयांच्या या भागाकडे दुर्लक्ष झाल्यास त्याची किंमत पंप, इंजेक्टर किंवा निर्जन रस्त्यावरील रात्र अशी मोजावी लागते.

गाळणी काय करते?

टाकीतील इंधन कधीच पूर्णतः स्वच्छ नसते. जुन्या पत्र्याच्या टाकीतील गंज, भरताना शिरलेली धूळ, रबरी नळ्यांचे झिजलेले कण आणि हवेतील आर्द्रतेचे पाणी त्यात मिसळत असते. गाळणीच्या डब्यात घड्या घातलेला विशेष कागद असतो. घड्यांमुळे थोड्या जागेत मोठा पृष्ठभाग मिळतो आणि गाळ अडूनही इंधनाचा प्रवाह बराच काळ टिकतो. माणसाचा केस साधारणतः ७० मायक्रॉन जाडीचा असतो. आधुनिक गाळणी त्याहून कितीतरी बारीक कण अडवते.

कार्ब्युरेटर ते कॉमन रेल

डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० मध्ये कार्ब्युरेटर होता. इंजिनावर चालणारा यांत्रिक पंप अगदी कमी दाबाने पेट्रोल ओढत असे आणि मार्गात पारदर्शक प्लास्टिकची छोटी गाळणी असे. साचलेला गाळ डोळ्यांना दिसत असल्याने ती केव्हा बदलावी, हे मालकालाही कळे.

पुढे एमपीएफआय प्रणाली आली. त्यात टाकीतच विजेवर चालणारा पंप असतो आणि दाब साधारणतः तीन बारच्या आसपास राहतो. इंजेक्टरची छिद्रे अतिसूक्ष्म असल्याने गाळणीही बारीक झाली आणि धातूच्या बंद डब्यात गेली. अलीकडच्या बहुतेक छोट्या पेट्रोल मोटारींत ती टाकीतील पंपाच्या जुडग्याचाच भाग असते.

डिझेल मोटारींची गरज आणखी कडक आहे. कॉमन रेल इंजिनात दाब हजार बारच्याही पुढे जातो आणि पंपाच्या आतील भागांना वंगण मिळते ते डिझेलचेच. त्यात पाणी शिरले की पंप आतून घासला जातो. म्हणूनच डिझेलची गाळणी पाणीही वेगळे करते आणि साचलेले पाणी काढण्यासाठी तिच्या तळाशी सहसा तोटी असते.

चोंदल्याची लक्षणे

सपाट रस्त्यावर संथ चालताना इंजिनाला थोडेच इंधन लागते, त्यामुळे अर्धवट चोंदलेली गाळणी दोष लपवते. चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना, भरल्या गाडीने ओव्हरटेक करताना मात्र मागणी वाढते आणि गाडी दम सोडते. ॲक्सिलरेटर दाबूनही वेग न वाढणे, गचके बसणे, सकाळी सुरू होण्यास वेळ लागणे, चढावर बंद पडून थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा चालू होणे, ही प्रमुख लक्षणे.

हीच लक्षणे खराब स्पार्क प्लग, भरलेला एअर फिल्टर किंवा थकलेला पंप यांमुळेही दिसतात. म्हणून पंप बदलण्यापूर्वी इंधनाचा दाब मोजण्याचा आग्रह धरावा. बाहेर बसवलेल्या गाळणीच्या अलीकडे दाब योग्य आणि पलीकडे कमी असेल, तर दोष गाळणीचा. अलीकडेच कमी असेल, तर पंपाकडे वळावे.

इथेनॉल आणि पाणी

भीमेच्या काठी ऊस पिकतो आणि उसापासून मिळणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळले जाते. वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलची विक्री ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळूर येथून सुरू झाली. इथेनॉल पाणी शोषून घेते. थोडे पाणी त्यात विरून जाते. मर्यादा ओलांडली की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. पंप तळाचेच इंधन ओढत असल्याने गाडी अडते. अशा वेळी नुसती गाळणी बदलून भागत नाही. टाकी रिकामी करून स्वच्छ करावी लागते. इथेनॉल जुन्या टाकीतील चिकटलेला थरही सुटा करते, त्यामुळे जुन्या गाडीची गाळणी लवकर तपासावी. गोव्यात पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाडीत महिनोन्‌महिने जुने पेट्रोल ठेवू नये.

बदलण्याची रीत

किती किलोमीटरला बदलावी, याबाबत गाडीच्या पुस्तिकेतील अंतर प्रमाण मानावे. धुळीच्या मुलुखात किंवा डब्यातील इंधनावर गाडी चालत असेल, तर ते अलीकडे आणावे.

एमपीएफआय गाडीत नळी थेट सोडवल्यास पेट्रोलची चिळकांडी अंगावर उडते. प्रथम पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, मग बॅटरीची ऋण जोडणी सोडवावी. काम मोकळ्या हवेत, थंड इंजिनावर आणि विडी-सिगारेटपासून दूर करावे. गाळणीवरील बाण इंधन इंजिनाकडे जाण्याची दिशा दाखवतो. तो उलटा बसता कामा नये. जोडणीनंतर किल्ली दोन-तीनदा फक्त ‘ऑन’ करून दाब भरू द्यावा आणि गळती नाही याची खात्री करूनच इंजिन सुरू करावे. डिझेल गाडीत अडकलेली हवा हातपंपाने काढावी लागते. टाकीतील पंपाला जोडलेली गाळणी मात्र जाणत्या मेकॅनिकच्याच हाती सोपवावी.

कागदी गाळणी हवेच्या झोताने फुंकून पुन्हा वापरू नये. कागद फाटतो आणि गाळ पुढे सरकतो. गाळणी काढून नळी सरळ जोडणे हा रस्त्यावरचा उपाय इंजेक्टरच्या मुळावर येतो. जास्त दाबाच्या प्रणालीत साधी रबरी नळी वापरल्यास ती फुटून आग लागू शकते.

जुनी गाळणी काय सांगते?

काढलेल्या गाळणीतील इंधन काचेच्या भांड्यात ओतून पाहावे. तांबूस भुकटी टाकीतील गंज दर्शवते, काळे मऊ कण नळीची झीज, मातकट गाळ उघड्यावरील साठवण, तर तळाशी वेगळा थर म्हणजे पाणी. कारण दूर केल्याशिवाय नवी गाळणीही तशीच भरते.

प्रवासापूर्वी

पंपावर फिल्टर पेपरची चाचणी व इंधनाची घनता तपासून मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. स्वच्छ पेट्रोलचा थेंब कागदावरून डाग न ठेवता उडून जातो. डब्यात किंवा पिंपात साठवलेले इंधन टाळावे. टाकी किमान पाव भरलेली ठेवावी, कारण टाकीतील विजेचा पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. डिझेल गाडीत पाण्याचा दिवा लागल्यास पुढचे गाव येईपर्यंत न थांबता गाडी तिथेच बाजूला घ्यावी आणि तळाची तोटी सोडून पाणी काढावे.