लंडनच्या दिवाणखान्यातील प्रवाळ

पोवळे म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मंगळाच्या अंगठीतील तांबडा खडा उभा राहतो. तो खडा म्हणजे समुद्रतळाशी नांदून गेलेल्या चिमुकल्या जीवांनी बांधलेला सांगाडा होय. हे जीव प्राणी आहेत, वनस्पती नव्हेत, ही गोष्ट युरोपातील विद्वानांनाही अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत नीट पटली नव्हती. सोनाराच्या पेटीतील पोवळे पुष्कळांनी पाहिलेले असते; जिवंत प्रवाळ पाहिलेली माणसे मात्र थोडीच. अलीकडे काही हौशी मंडळी घरात काचेची मोठी टाकी मांडून, तीत खारे पाणी भरून, जिवंत प्रवाळ आणि रंगीत मासे पाळू लागली आहेत. पंप, दिवे आणि मोजमापाची उपकरणे यांचा तो पसारा पाहून हा छंद विजेच्या युगातच जन्मला असावा, असे कोणासही वाटेल. त्याची सुरुवात मात्र एका धर्मगुरूच्या घरी, एक सुई, थोडा दोरा आणि एका मोलकरणीचे दोन हात एवढ्या सामग्रीवर झाली.

१८४६ च्या शरद ऋतूत अ‍ॅना थिन ही विदुषी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गावी गेली होती. तिचे पती लॉर्ड जॉन थिन हे लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीचे उपप्रमुख होते. टॉर्कीच्या खडकांत तिला प्रथमच जिवंत प्रवाळ दिसले. आपल्या कल्पनेतील डोंगराएवढ्या प्रवाळभित्तीशी त्यांचे काही साम्य नव्हते. थंड पाण्यात एकेकटे राहणारे, लहानशा वाटीच्या घाटाचे हे प्राणी. त्यांच्या वाटीतून पारदर्शक बोटांसारखी शुंडके बाहेर येतात आणि जरा धक्का लागला की आत लपतात. अ‍ॅनाबाईंना ते लंडनला न्यावयाचे होते. रेल्वे तेव्हा टॉर्कीपर्यंत पोहोचली नव्हती. वाटेत बरणीच्या कडांवर आपटून प्रवाळ फुटतील, म्हणून बाईंनी एक मोठा स्पंज घेतला आणि सुई-दोऱ्याने एकेक प्रवाळ त्यावर टाचून टाकला. शिवणकामात मुरलेल्या हातालाच ही युक्ती सुचावी!

प्रवाळ वेस्टमिन्स्टरला सुखरूप पोहोचले. थिन कुटुंब अ‍ॅबीच्या आवारात अ‍ॅशबर्नहॅम हाउस या वास्तूत राहत असे. प्रॉटेस्टंट सुधारणेपूर्वी अ‍ॅबी बेनेडिक्टाइन मठवासीयांची होती, आणि त्यांच्या उपमठाधिपतीच्या जुन्या निवासाचे अवशेष या घराच्या भिंतींत आजही आहेत. अशा घरात काचेच्या भांड्यांतून समुद्र येऊन बसला. पण खरी अडचण येथूनच सुरू झाली. समुद्र शेकडो मैल दूर नसला तरी रोज आणता येण्याजोगा नव्हता, आणि साठवलेले पाणी लवकरच निर्जीव होऊ लागले. माशाप्रमाणेच प्रवाळालाही पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. खाऱ्या पाण्यात तो गोड्या पाण्यापेक्षा कमी मावतो आणि पाणी उबदार झाले की आणखीच घटतो. तेव्हा बाईंनी असे ठरविले की, दूध निवविण्यासाठी जसे एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओततात, तसे हे पाणी उघड्या खिडकीपाशी उभे राहून ओतीत राहावयाचे. एका वेळेस अर्धा ते पाऊण तास! हे काम घरातील एका लहान मोलकरणीकडे आले. पुढे प्रसिद्ध केलेल्या निबंधात बाईंनी असे लिहिले आहे की, काम थकवा आणणारे खरे, परंतु मुलीला ती एक करमणूकच वाटे. मुलीचे स्वतःचे म्हणणे कोणी टिपून ठेवलेले नाही. आज विजेचा पंप जे काम अहोरात्र करतो ते प्रथम तिच्या मनगटांनी केले, याची नोंद कोठेतरी असावयास हवी.

१८४७ मध्ये बाईंनी किनाऱ्यावरून जिवंत समुद्रशेवाळ चिकटलेले खडकाचे तुकडे मागवून भांड्यांत ठेवले. वनस्पती प्रकाशात प्राणवायू सोडतात, हे अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रीस्टले व इंगेनहाउझ यांनी दाखविलेच होते. आता शेवाळ आणि प्रवाळ एकमेकांस सांभाळू लागले. ही वसाहत सुमारे तीन वर्षे टिकली. प्रवाळांची संतती कशी वाढते हेही बाईंनी त्यात पाहिले, आणि १८५९ मध्ये ते वृत्त एका शास्त्रीय नियतकालिकात छापून आले. काचेच्या भांड्यात समुद्रजीव ठेवून निरीक्षण करणारी पहिली व्यक्ती मात्र अ‍ॅनाबाई नव्हे. १८३२ च्या सुमारास सिसिलीतील मेसिना येथे जान व्हिलप्रो-पॉवर या फ्रेंच स्त्रीने काचेच्या टाक्या करवून घेतल्या होत्या, आणि आर्गोनॉट हा प्राणी आपले शंखासारखे कवच स्वतःच घडवितो हे त्यांच्या आधारे सिद्ध केले होते. पण तिचे संशोधनकार्य समुद्राच्या काठी चालले. समुद्रापासून दूर, शहराच्या मध्यावर, तेच पाणी वर्षानुवर्षे टिकविणे ही गोष्ट वेगळी.

पुढील घडामोडी झपाट्याने झाल्या. ब्रिटनमधील काचेवरील कर १८४५ मध्ये उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्यातील मासे, पाणवनस्पती आणि कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगायी यांचा समतोल शास्त्रीय भाषेत मांडला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यगृह उघडले. त्यासाठी जीव गोळा करणाऱ्या फिलिप हेन्री गॉसने १८५४ मध्ये ‘द अ‍ॅक्वेरियम’ हा ग्रंथ लिहिला, आणि मध्यमवर्गीय घराघरांत या छंदाची लाट उसळली. गॉस मोठा श्रद्धाळू गृहस्थ. खडकातील डबक्यात त्याला परमेश्वराची करणी दिसे, आणि ती सर्वांनी पाहावी म्हणून तो लिही. परिणाम नेमका उलटा झाला. टोपल्या, छिन्न्या आणि बरण्या घेऊन लोक किनाऱ्यांवर तुटून पडले, आणि शतकानुशतके अस्पर्श राहिलेली डबकी काही वर्षांत ओस पडली. १८५७ पासून गॉसचे वास्तव्य टॉर्कीलगतच होते, म्हणजे ही लूट त्याला समोरच पाहावी लागली. त्याचा मुलगा एडमंड याने १९०७ च्या आपल्या आत्मकथनात बापाच्या या व्यथेविषयी लिहिले आहे.

घरी नेलेले जीवही जगले नाहीत. बहुतेक टाक्यांचे पाणी काही दिवसांत हिरवे, मग दुर्गंधीयुक्त होई. याचे एक कारण विल्यम अल्फर्ड लॉइड याच्या ध्यानात आले. हा गरीब बुकबाइंडर पुढे लंडनमध्ये मत्स्यालयाच्या सामानाचा दुकानदार झाला. टाकीला प्रकाश प्रमाणाबाहेर मिळतो आणि पाणी फिरत नाही, असे त्याचे निदान होते. १८७१ च्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात त्याने दर्शनी टाक्यांच्या खाली त्यांच्याहून कितीतरी मोठा अंधारा हौद बांधून पाणी सतत खेळते ठेवले. आजच्या घरगुती टाकीखालील कपाटात जी दुसरी टाकी दडलेली असते, ती याच हौदाची नात होय.

दुसरे कारण मात्र लॉइडलाही ठाऊक असणे शक्य नव्हते. जलचरांच्या मलमूत्रातून अमोनिया हे विष उत्पन्न होते. काही सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइट आणि मग पुष्कळच सौम्य असे नायट्रेट करतात. हे जंतू १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की याने वेगळे काढून दाखविले. म्हणूनच आजचा जाणता छंदी टाकी भरल्यावर लगेच मासे सोडीत नाही. हजार लिटर खाऱ्या पाण्याचे वजन एक टनाहून अधिक भरते, तेव्हा तो आधी जमिनीची मजबुती पाहतो. मग एक किलो पाण्यास सुमारे ३५ ग्रॅम या बेताने क्षार मिसळतो, खडक रचतो, आणि अमोनिया व नायट्राइट शून्यावर येईपर्यंत कित्येक आठवडे नुसती वाट पाहतो. पुढेही बाष्पीभवनाने घटलेले पाणी भरताना खारे नव्हे, गोडेच घालावे लागते, कारण वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहते. जीवजंतूंनी भरलेला सागरी खडकच पाण्याची शुद्धी करतो, ही पद्धत जाकार्ता येथील ली चिन एंग याने १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकातून जगापुढे मांडली. अ‍ॅनाबाईंनी टॉर्कीहून मागविलेले शेवाळलेले तुकडे याहून फारसे निराळे नव्हते.

एका बाबतीत त्यांचे दैवही अनुकूल होते. उष्ण समुद्रातील भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि सूर्यप्रकाशावर त्यांना अन्न पुरविते. प्रकाश कमी पडला की प्रवाळ उपाशी राहते. टॉर्कीच्या प्रवाळात असे शैवाल नसते. लंडनच्या धुरकट खिडकीतही ते जगले, ते म्हणूनच.

उष्ण समुद्रातील प्रवाळ आपल्याकडेही आहेत. मालवणच्या खडकांभोवती आणि गोव्यात मुरगावजवळील ग्रांदे बेटापाशी ते आढळतात. बडोद्याच्या मराठी कुटुंबांना तर या विषयाचा वारसाच आहे. द्वारकेजवळचे ओखामंडळ तेव्हा गायकवाडांच्या राज्यात होते, आणि महाराज सयाजीराव यांच्या सरकारसाठी जेम्स हॉर्नेल याने तेथील समुद्रजीवांचा अहवाल १९०९ व १९१६ अशा दोन भागांत सिद्ध केला. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये, तर कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ मध्ये जाहीर झाले. २००१ मध्ये भित्ती बांधणारे सर्व प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, आणि तेव्हापासून त्यांचा तुकडा काढून घरी नेणे हा गुन्हा ठरला. जामनगरजवळ नरारा येथे ओहोटीच्या वेळी परवानगी घेऊन प्रवाळांमधून पायी हिंडता येते. घोट्याएवढ्या पाण्यात तेथे प्रवाळ, समुद्रपुष्पे आणि खेकडे दिसतात. भरती येऊ लागली की माणसांना परत फिरावे लागते.