खेळ घरी कसा येतो?

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या कासुर्डीसारख्या गावात आज एखाद्या घरी व्हिडिओ गेमचा कन्सोल आला, तर पहिला प्रश्न खेळायचे कसे हा नसतो. खेळ उतरवून, म्हणजे डाउनलोड करून घ्यायचा कसा, हा असतो. मोबाइलवर दिवसाला २ जीबीची मर्यादा असेल, तर १०० जीबीच्या एका खेळाला ५० दिवस लागतील! ही वेळ कशी आली, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

१९९० च्या दशकात आपल्याकडे सामुराई, मीडिया अशा नावांचे 'टीव्ही गेम' मिळत. त्यांत घालायच्या डबीला मुले कॅसेट म्हणत. पण तिच्यात फीत नसे. असे ती स्मृतीची चिप. ही चिप थेट यंत्राच्या प्रोसेसरला जोडली जाई. काहीच उतरवायचे नसल्यामुळे बटण दाबताच खेळ सुरू होई.

या चिपची क्षमता तुटपुंजी होती. १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा संपूर्ण खेळ ४० केबीत बसवलेला आहे. त्यातले ढग आणि झुडपे नीट पाहा. आकृती एकच आहे, फक्त रंग बदलला आहे. जागा वाचवण्यासाठी केलेली ही युक्ती!

तारेवरून खेळ पाठवण्याची कल्पनाही जुनीच. १९८३ मध्ये अमेरिकेत 'गेमलाइन' या सेवेने अटारी कन्सोलवर टेलिफोनमार्फत खेळ पोचवले. मात्र खेळ विकत मिळत नसे. ठरावीक वेळा खेळून झाला की पुन्हा पैसे भरावे लागत. जपानमध्ये १९९५ ते २००० या काळात निन्टेंडोच्या 'सॅटेलाव्ह्यू'वर खेळ उपग्रहावरून येत. आकाशवाणीच्या कार्यक्रमांप्रमाणे त्यांची वेळ ठरलेली असे. साठवायला जागा थोडी, म्हणून नवा खेळ घेताना बहुधा जुना पुसावा लागे.

आता थोडे गणित करू. हे वर्गातही करून घेता येईल. भारतात विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. तिचा टेलिफोनवरचा वेग सेकंदाला ९,६०० बिट होता. एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणजे ४० केबीचे होतात ३,२७,६८० बिट, आणि ते यायला लागतात सुमारे ३४ सेकंद. आज सेकंदाला १ कोटी बिट (१० एमबीपीएस) वेगाने १०० जीबीचा खेळ उतरवला, तर ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तासांहून अधिक वेळ लागतो. वेग सुमारे हजार पट वाढला, पण खेळाचा आकार वाढला सुमारे २४ लाख पट. जोडणी वेगवान होऊनही वाट पाहणे वाढले, ते यामुळे.

जोडणीचा वेग बिटमध्ये आणि खेळाचा आकार बाइटमध्ये सांगतात. हा आठ पटींचा फरक लक्षात न घेतल्याने अनेकांचा अंदाज चुकतो. तबकडी, म्हणजे डिस्क आणली तरी सुटका नसते. अनेकदा तिच्यावरची माहिती कन्सोलमध्ये उतरवावी लागते आणि उरलेला भाग इंटरनेटवरून आणावा लागतो. म्हणून खरेदीपूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: खेळाचा आकार, कन्सोलमधली मोकळी जागा आणि तो खेळ इंटरनेटशिवाय चालतो का.

शेवटचा प्रश्न मात्र वेगाचा नाही. निन्टेंडोने 'वी'चे दुकान २०१९ मध्ये आणि 'वी यू' व 'थ्रीडीएस'ची दुकाने मार्च २०२३ मध्ये बंद केली. मायक्रोसॉफ्टने 'एक्सबॉक्स ३६०'चे दुकान जुलै २०२४ मध्ये. केवळ तिथेच मिळणारे खेळ नव्याने विकत घेण्याची वाट त्यामुळे बंद झाली. २०१० पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात मिळत नाहीत, असे 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'ला २०२३ च्या पाहणीत आढळले.

कॅसेट मित्राला देता येई, फडताळात ठेवता येई. उतरवलेल्या खेळाच्या बाबतीत आपण बहुतेकदा वस्तू घेत नाही, वापरण्याची परवानगी घेतो. शाळेसाठी शैक्षणिक कार्यक्रम घेतानाही हाच प्रश्न विचारायला हवा: कंपनीने दुकान बंद केले, तर आपल्या हाती काय उरेल?